पोट भरल्याचा निरोप विजेने देता येईल का?

कानाला क्लिप लावा, व्हेगस नर्व्ह (मेंदूला हृदय, जठर, आतड्यांशी जोडणारी लांब नस) जागी करा आणि भूक आवरा, अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. जणू व्हेगस म्हणजे दिव्याचं बटण! खरं तर ती एक तार नाही, हजारो तंतूंचा जुडगा आहे, आणि त्यातले बहुसंख्य तंतू शरीराकडच्या बातम्या मेंदूकडे नेतात. बुलिमिया (भरपेट खाऊन मग ओकणं) किंवा बिंज ईटिंग (ताबा सुटून अतोनात खाणं) अशा खाण्याच्या विकारांवर वीज वापरायची, तर या जुडग्यातले नेमके हवे ते तंतू गाठायचे कसे, इथेच घोडं अडतं.

जेवताना जठर ताणलं जातं. भिंतीतल्या व्हेगसच्या टोकांना तो ताण कळतो. लहान आतड्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात, तेही याच तंतूंना चेतवतं. निरोप मेंदूच्या खालच्या टोकाला, मस्तिष्कपुच्छात पोचतो आणि हात ताटातून मागे येतो. हे तंतू मात्र अगदी बारीक, जाडी जेमतेम एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), वर मायलिनचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं विद्युतरोधक आवरण नाही. वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. जठरापासून मेंदूपर्यंतच्या अर्ध्या मीटरला पाव ते एक सेकंद लागतो.

आता यंत्र. अपस्मारासाठी १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेल्या पद्धतीत गळपट्टीच्या हाडाखाली एक स्पंदक बसवतात आणि त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगसभोवती मळसूत्रासारखी गुंडाळतात. डावीच का, तर उजवीच्या फांद्या हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या गाठीकडे जास्त जातात. स्पंदनं सेकंदाला २० ते ३०, प्रत्येक २५० किंवा ५०० मायक्रोसेकंदांचं; ३० सेकंद चालू, पाच मिनिटं बंद. प्रवाह ०.२५ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी वाढवत नेतात. प्रत्येक स्पंदनानंतर तेवढाच विद्युतभार उलट दिशेने परत काढून घेतात. तसं केलं नाही तर धातूच्या पृष्ठभागावर विद्युत-अपघटन होऊन आजूबाजूच्या ऊतीला इजा होते.

प्रवाह वाढवताना रुग्णाचा आवाज घोगरा होतो, खोकला येतो. कारण मजेदार आहे. मायलिन असलेल्या तंतूवर ठरावीक अंतराने उघडी पेरं असतात आणि तंतू जितका जाड तितकी पेरं दूर-दूर. हे अंतर साधारण जाडीच्या शंभरपट असतं. बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं की शेजारच्या दोन पेरांमधला व्होल्टेजचा फरक जाड तंतूत जास्त पडतो, म्हणून तो आधी पेटतो. मानेतल्या व्हेगसमधले जाड तंतू स्वरयंत्राच्या स्नायूंकडे जाणारे. आवरण नसलेल्या बारीक तंतूंना चेतवायला कितीतरी पट जास्त प्रवाह लागतो. म्हणजे आपल्याला हवा असलेला ‘पुरे झालं’ हा निरोप रांगेत सगळ्यात शेवटी, आणि तिथवर पोचण्याआधीच घसा आणि खोकला आडवे येतात. मानेत वीज देऊन पोट फसवणं अवघड आहे, ते यामुळे.

दुसरा मार्ग उलटा: निरोप द्यायचा नाही, अडवायचा. सेकंदाला ५००० वेळा दिशा बदलणारा प्रवाह दिला की तंतूच्या पटलातल्या, संदेश पुढे सरकवणाऱ्या सोडियमच्या वाहिन्या पूर्ववत व्हायला सवडच मिळत नाही आणि संदेश तिथेच थिजतो. प्रवाह सुरू होताना मात्र आधी स्पंदनांची एक सर उठते. असा प्रवाह देणारं यंत्र डायाफ्रामजवळ (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळ), व्हेगसच्या दोन मुख्य खोडांवर बसवत. तिथे जवळजवळ सगळे तंतू बारीकच, त्यामुळे घशाचा प्रश्न येत नाही. एफडीएने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली, पण लठ्ठपणासाठी. २३९ जणांच्या चाचणीत वर्षभरात अतिरिक्त वजनातली (योग्य वजनापेक्षा जास्त असलेल्या भागातली) घट खऱ्या यंत्राच्या गटात २४.४ टक्के होती, खोट्या यंत्राच्या गटात १५.९ टक्के. फरक ८.५ अंकांचा, ठरवलेलं लक्ष्य १० अंकांचं होतं. ‘यंत्र बसवलंय’ एवढ्या समजुतीचा वाटा किती मोठा असतो, ते त्या १५.९ मध्ये दिसतं. शिवाय लठ्ठपणा हा खाण्याचा विकार नव्हे. दोन्ही एका पारड्यात टाकणं चूकच.

बुलिमियात तर वीज द्यायची की थांबवायची, इथूनच वाद आहे. संशोधक पॅट्रिशिया फॅरिस यांच्या अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या गटाचं म्हणणं असं, की वारंवार भरपेट खाणं आणि ओकणं यांनी व्हेगसच अतिसक्रिय होते. २००० मध्ये त्यांनी एका लहान चाचणीत ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध वापरलं. ते व्हेगसच्या टोकांवरचे, सिरोटोनिन या रसायनाचा संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) अडवतं. औषध घेणाऱ्यांच्या खाण्या-ओकण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हा तर्क बरोबर असेल तर आधीच गोंगाट करणाऱ्या नर्व्हला आणखी चेतवणं म्हणजे आगीत तेल.

कानाच्या क्लिपचं काय? कानाच्या वाटीसारख्या भागातल्या त्वचेत व्हेगसची एक छोटी फांदी असते, हे खरं. पण ती त्वचेची संवेदना नेते. जठराशी तिचा थेट संबंध नाही. जाहिरातीत हा फरक सोयीस्करपणे गाळलेला असतो.

आणखी एक गोष्ट तिथे कधीच लिहिलेली नसते. सतत ओकणाऱ्या माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. याच हृदयाला मंदावण्याचं काम व्हेगस करते. म्हणून तिच्याजवळ वीज नेण्याआधी पोटॅशियम आणि ईसीजी पाहावाच लागतो, आणि घरी मागवलेल्या क्लिपसोबत तो कुणी पाहत नाही.