बॅटरी शून्यावर आणूनच चार्ज करावी का?

‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांपुरता त्याला थोडाफार आधार होता. आजच्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना तो लागू पडत नाही. याच प्रकारच्या बॅटऱ्या वापरणाऱ्या उपग्रहांवरून ते कळते. पृथ्वीलगतच्या कक्षेतला उपग्रह सुमारे 95 मिनिटांच्या फेरीत जवळपास 35 मिनिटे पृथ्वीच्या सावलीत असतो आणि तेवढा वेळ सौरऊर्जेऐवजी बॅटरीवर चालतो, म्हणजे त्याची बॅटरी वर्षाला साधारण 5,500 वेळा उतरते आणि भरते. जमिनीवरच्या आयुष्य-चाचणीत हेच चक्र ठरावीक तापमानाला अखंड चालवून प्रत्येक उतरणीच्या शेवटचे व्होल्टेज नोंदवतात, आणि खोलवर उतरवलेले सेल आधी थकतात. म्हणूनच अशा उपग्रहांत क्षमतेचा बराचसा भाग मुद्दाम न वापरता राखून ठेवतात. पडताळा आपल्या फोनच्या माहितीपुस्तिकेतही घेता येतो. क्वचित एकदा बॅटरी पूर्ण उतरवायला सांगितलेले असते, पण ते टक्केवारीचे मोजमाप जुळवण्यासाठी, आयुष्य वाढवण्यासाठी नव्हे.