ओएसई कर्नेलमधील सिग्नल-संवाद

ओएसई ही एम्बेडेड उपकरणांसाठीची (यंत्रांच्या पोटात बसवलेल्या संगणकांसाठीची) रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम उरकणारी, ऑपरेटिंग सिस्टीम स्वीडनमधील एनिया या कंपनीने १९८०च्या दशकात विकसित केली. दूरसंचार क्षेत्रात, विशेषतः एरिक्सनच्या मोबाइल नेटवर्कच्या यंत्रणेत, ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, दोन प्रोसेसनी (चालू असलेल्या स्वतंत्र कामांनी) एकमेकींशी बोलण्याचा मुख्य मार्ग एकच आहे : सिग्नल पाठवणे. सेमाफोर आणि म्यूटेक्स ही सामायिक वस्तूंच्या वापरावर बंधन घालणारी कुलपेही तिथे आहेत, पण प्रणालीची सगळी मांडणी सिग्नलभोवती झाली आहे आणि तिचे बळही त्यातच आहे.

युनिक्स किंवा लिनक्समध्ये सिग्नल म्हणजे चालू प्रोसेसला मध्येच अडवणारा एक क्रमांक. ‘सिगकिल’ म्हणजे ९. त्यासोबत माहिती जवळजवळ नसतेच, आणि एकाच क्रमांकाचे दोन साधे सिग्नल लागोपाठ आले तर त्यांचा एकच होऊन जातो. ओएसईमधला सिग्नल मात्र पूर्ण संदेश असतो. त्याच्या आरंभी सिग्नल-क्रमांक असतो आणि पुढे प्रोग्रामरने ठरवलेल्या रचनेतली माहिती. तो कोणाला मध्येच अडवत नाही. स्वीकारणाऱ्या प्रोसेसच्या रांगेत जाऊन थांबतो.

पाठवणारी प्रोसेस प्रथम ‘अलॉक’ करून कर्नेलच्या मेमरी-पूलमधून (मेमरीच्या राखीव साठ्यातून) एक बफर, म्हणजे मेमरीचा तुकडा, मागते. पूलमधले बफर आधीच ठरवून दिलेल्या मोजक्या आकारांचे असतात. मागितलेल्या मापाला पुरेल असा सर्वांत लहान बफर कर्नेल देते, त्यामुळे मेमरी मिळायला किती वेळ लागेल हे आधीच सांगता येते. प्रत्येक बफरच्या मागे कर्नेल स्वतःची नोंद ठेवते : आता मालक कोण, पाठवले कोणी, कोणाला पाठवले, आकार किती. बफरच्या शेवटी एक खूणही असते. प्रोग्रामने मर्यादेबाहेर लिहून ती खूण पुसली, तर पुढच्या ‘सेंड’ला किंवा बफर परत करताना ती चूक पकडली जाते. सी भाषेत लिहिलेल्या, वर्षानुवर्षे अखंड चालणाऱ्या यंत्रात या एका खुणेने वाचवलेले श्रम मोजता येणार नाहीत.

माहिती भरून झाली की ‘सेंड’. या कॉलला बफरचा पॉइंटर (बफरचा मेमरीतला पत्ता साठवणारा चल) नव्हे, तर त्या पॉइंटरचा पत्ता द्यावा लागतो, कारण पाठवण्याच्या क्षणी कर्नेल पाठवणाऱ्याकडचा पॉइंटर रिकामा करून टाकते. बफरची मालकी आता स्वीकारणाऱ्याची. खो-खोत खो दिल्याबरोबर देणारा खाली बसतो आणि पाठलागाचा हक्क नव्या खेळाडूचा होतो, तसेच इथे घडते. एका वेळी एका बफरला एकच मालक असतो. दोन्ही प्रोसेस एकाच पूलमधल्या असतील तर माहितीची नक्कलही होत नाही, फक्त पॉइंटर हातोहात जातो. दोन बाजूंची मेमरी एकमेकींपासून संरक्षित ठेवली असेल तर मात्र नक्कल करावी लागते.

मालकीचा हा नियम हेच ओएसईच्या रचनेतले सर्वांत मोलाचे कलम आहे. सामायिक मेमरी वापरली की कुलपे आली, आणि कुलपांबरोबर प्राधान्याचा उलटा क्रम आला : कमी प्राधान्याच्या कामामुळे वरच्या प्राधान्याचे काम अडून राहते. त्याचे गाजलेले उदाहरण दुसऱ्या एका प्रणालीतले आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम प्रणाली चालत होती. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने (तिथल्या प्रोसेसने) म्यूटेक्स धरून ठेवला, मधल्या प्राधान्याच्या टास्कने तिला प्रोसेसर मिळू दिला नाही, आणि माहितीची देवाणघेवाण सांभाळणारी वरच्या प्राधान्याची टास्क अडकून पडली. ती वेळेत पूर्ण होत नाही असे दिसताच यान स्वतःला रीसेट करीत राहिले. प्राधान्य-वारसा (कुलूप धरणाऱ्या टास्कला वाट पाहणारीचे प्राधान्य तात्पुरते देणे) हा पर्याय पृथ्वीवरून चालू केल्यावर प्रश्न सुटला. मालकी हस्तांतरित करणाऱ्या पद्धतीत असे कुलूपच लागत नाही, कारण ज्यावरून भांडण व्हावे अशी समाईक वस्तू शिल्लक राहत नाही.

स्वीकारण्याचा कॉल ‘रिसीव्ह’. त्याला सिग्नल-क्रमांकांची यादी देता येते. रांगेतला यादीत बसणारा सर्वांत जुना सिग्नल मिळतो आणि बाकीचे जागच्या जागी राहतात. जुळणारा सिग्नल नसेल तर प्रोसेस झोपते. मर्यादित वेळच थांबायचे असेल तर त्याचा वेगळा कॉल आहे आणि मुदत मिलिसेकंदांत देतात. झोपलेल्या प्रोसेसचे प्राधान्य पाठवणाऱ्यापेक्षा वरचे असेल, तर सिग्नल पोहोचताच प्रोसेसर तिच्याकडे जातो. इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मध्येच दिलेली हाक) हाताळणाऱ्या प्रोसेसही याच व्यवहारात सामील असतात. दूरसंचार कपाटातल्या तापमान-संवेदकाने इंटरप्ट दिला, तर त्याची प्रोसेस आकडा वाचून एक सिग्नल नियंत्रक प्रोसेसला पाठवते आणि मोकळी होते. पंख्याचा वेग किती ठेवायचा हा विचार नियंत्रक आपल्या सवडीने करते. अशा प्रोसेसचा गाभा बहुधा एकाच साच्याचा असतो : न संपणारा लूप, त्यात एक ‘रिसीव्ह’, आणि सिग्नल-क्रमांक पाहून फुटणाऱ्या वाटा.

पाठवायचे कोणाला हे कळण्यासाठी ‘हंट’ आहे. प्रोसेसचे नाव सांगून तिचा शोध घ्यायचा. ती अजून जन्मलीच नसेल तर शोध-सिग्नल कर्नेलकडे पडून राहतो आणि ती निर्माण होताच शोधणाऱ्याकडे परततो. त्यामुळे कोणती प्रोसेस आधी सुरू व्हावी याची काटेकोर आखणी करावी लागत नाही. ‘अटॅच’ त्याच्या उलट टोकाला उभा आहे : ज्या प्रोसेसवर आपण अवलंबून आहोत ती संपली, तर आधी ठेवून दिलेला सिग्नल आपल्याला परत मिळतो. संपलेल्या प्रोसेसच्या मालकीचे बफर कर्नेल स्वतःच गोळा करते.

हे दोन कॉल एका बोर्डापुरते असते तरी उपयोगाचे ठरले असते, पण त्यांचे खरे काम अनेक बोर्डांच्या यंत्रणेत दिसते. दूरच्या प्रोसेसरवरील प्रोसेसचा ‘हंट’ केला की लिंक हँडलर (बोर्डांमधली जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) स्थानिक बाजूला एक फँटम, म्हणजे आभासी, प्रोसेस उभी करतो. तिला स्वतःचा कोड नसतो. तिच्या नावे आलेला प्रत्येक सिग्नल लिंक हँडलरकडे वळवला जातो, तारेवरून पलीकडे जातो आणि खऱ्या प्रोसेसच्या रांगेत पडतो. पाठवणाऱ्याचा कोड एका ओळीनेही बदलत नाही. मधली जोडणी तुटली तर ‘अटॅच’चा सिग्नल येतो, जणू पलीकडची प्रोसेसच संपली, आणि पाठवणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक करण्याचे कारणही नसते. अर्थात सिग्नलमध्ये पॉइंटर भरून पाठवण्याची सवय इथे अंगाशी येते, कारण दुसऱ्या बोर्डाच्या मेमरीत त्या पत्त्याला काहीच अर्थ नसतो. बाइटक्रम (संख्येचे बाइट मेमरीत मांडण्याचा क्रम) वेगळा असलेले प्रोसेसर जोडले असतील, तर माहितीचे रूपांतर कोणी करायचे हेही आधी ठरवावे लागते.

पद्धत निर्दोष नाही. ‘सेंड’ थांबत नाही, म्हणून स्वीकारणारी प्रोसेस मंद पडली तरी पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. रांग वाढत जाते, पूल आटतो आणि शेवटी भलत्याच, निरपराध प्रोसेसचा ‘अलॉक’ फसतो. स्वीकारलेला बफर परत करायला विसरणे हाही तसाच दोष. तो चाचणीत सहसा दिसत नाही, पण दीर्घ काळ चाललेल्या यंत्रात उघडा पडतो. निवडक ‘रिसीव्ह’ वापरताना यादीत कधीच न येणारे सिग्नल रांगेत साचत राहतात. दोन प्रोसेस एकमेकींना विनंती पाठवून केवळ उत्तराचीच वाट पाहू लागल्या, तर कुलूप नसतानाही दोघी कायमच्या अडकतात. म्हणून अनुभवी अभियंते प्रत्येक विनंतीला उत्तराचा सिग्नल जोडतात, किती विनंत्या एकाच वेळी अनुत्तरित राहू शकतील याची मर्यादा घालतात आणि उत्तरासाठी मुदतीचा ‘रिसीव्ह’ वापरतात. क्यूएनएक्स या आणखी एका रिअल-टाइम प्रणालीने दुसरी वाट धरली : तिथे उत्तर येईपर्यंत पाठवणारी टास्क थांबून राहते. त्यामुळे रांगा फुगत नाहीत, पण थांबण्याची किंमत दरवेळी मोजावी लागते.

ही विचारसरणी दूरध्वनी केंद्रांच्या जगात आधीपासून रुजलेली होती. एरिक्सनच्या एएक्सई केंद्रातले सॉफ्टवेअर ब्लॉक एकमेकांच्या माहितीला हात न लावता सिग्नलनेच बोलत. दूरसंचार प्रणालींच्या वर्णनासाठी १९७६ मध्ये प्रथम प्रमाणित झालेल्या एसडीएल या भाषेतही प्रत्येक प्रोसेसला आवक रांग असते, आणि नको असलेला सिग्नल पुढच्या अवस्थेसाठी राखून ठेवण्याची सोय असते. म्हणून एसडीएलमधला आराखडा ओएसईवर उतरवणे तुलनेने सोपे जाते. १९८०च्या दशकात एरिक्सनच्याच प्रयोगशाळेत आकाराला आलेल्या अरलँग भाषेत निवडक स्वीकार आणि प्रोसेस कोसळल्याची वर्दी या दोन्ही गोष्टी भाषेच्या गाभ्यातच आहेत. लाखो कॉल एकाच वेळी हाताळायचे आणि एक बिघडला तरी बाकीचे चालू ठेवायचे, या गरजेनेच हे सगळे घडवले.

पुढे दूरसंचार उपकरणांत लिनक्स शिरले, तेव्हा एनियाने लिंक्स नावाची मुक्त-स्रोत प्रणाली आणली. तिच्यात ‘हंट’, ‘अटॅच’, ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ हेच कॉल लिनक्सवर उपलब्ध झाले. त्यामुळे ओएसईवर चालणारे बोर्ड आणि लिनक्सवर चालणारे बोर्ड एकाच यंत्रणेत बोलू लागले. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असल्यामुळे पॉइंटर हातोहात देण्याचा लाभ तिथे मिळत नाही. माहिती कर्नेलमध्ये आणि कर्नेलमधून बाहेर अशी नकलावी लागते.