न्यूरल नेटवर्कची बांधणी आणि उपयोजन

न्यूरल नेटवर्क म्हणजे उदाहरणे पाहून त्यांतला नियम आकड्यांच्या रूपाने स्वतः बसवून घेणारी गणिती रचना. मराठीत तिला ‘कृत्रिम चेताजाल’ असा प्रतिशब्द आहे. मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावीच असल्याने अभियांत्रिकीचे विद्यार्थी जिथे मोठ्या संख्येने आहेत, तिथे ‘मॉडेल ट्रेन करणे’ हेच शब्द तोंडी असतात. प्रस्तुत नोंदीत तयार सॉफ्टवेअर साधनांच्या आधारे असे जाळे कसे बांधतात आणि कामाला लावतात याचा विचार केला असून उदाहरणे याच भागातील लिपी, ओतशाळा आणि शेती यांतून घेतली आहेत.

मेंदूतील चेतापेशीचे पहिले गणिती प्रारूप मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. रोझेनब्लॅट यांचा परसेप्ट्रॉन, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे आरंभीचे जाळे, १९५८ मधला. झालेल्या चुकीचा हिशेब शेवटच्या थरापासून (थर म्हणजे जाळ्यातील पेशींची एक रांग) मागे मागे नेत प्रत्येक भारांक, म्हणजे पेशींमधल्या जोडणीचा बदलता येणारा आकडा, सुधारण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखाने सर्वत्र पोहोचली आणि आजची सर्व साधने तिच्यावरच उभी आहेत. पूर्वी या सुधारणेची विकलजे (डेरिव्हेटिव्ह) कागदावर काढून मग आज्ञावलीत उतरवावी लागत. माँट्रियल विद्यापीठातील थिआनो, २०१५ मध्ये आलेली केरास व टेन्सरफ्लो आणि त्यापाठोपाठ आलेली पायटॉर्च या पायथॉन भाषेतील ग्रंथालयांनी (लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचे संच) हे काम यंत्राकडे सोपवले. वापरणाऱ्याने थर कोणते व किती एवढे सांगायचे. विकलजे काढणे आणि गुणाकार ग्राफिक्स कार्डावर वाटून देणे ही ग्रंथालयाची जबाबदारी. यांपैकी कोणते ग्रंथालय चांगले हा वाद नवशिक्यांमध्ये रंगतो, पण केरासची २०२३ पासूनची आवृत्ती टेन्सरफ्लो, पायटॉर्च व जॅक्स (असेच आणखी एक ग्रंथालय) या तिन्हींवर चालत असल्याने त्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

बांधणीचे खरे स्वरूप एका लहान उदाहरणात नीट दिसते. हस्तलिखित देवनागरी अक्षरे ओळखण्यासाठी नेपाळमधील संशोधकांनी तयार केलेला एक खुला संच बराच वापरला जातो. त्यात ९२,००० चित्रे असून ती ४६ वर्गांत विभागलेली आहेत : क पासून ज्ञ पर्यंत ३६ अक्षरे आणि दहा अंक, प्रत्येकाचे २,००० नमुने. त्यांपैकी ७८,२०० चित्रे शिकवण्यासाठी व १३,८०० तपासणीसाठी राखलेली आहेत. प्रत्येक चित्र ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचे, म्हणजे १,०२४ आकड्यांचे. मध्ये १२८ पेशींचा एक थर आणि शेवटी ४६ पेशींचा थर असे साधे जाळे घेतले, तर प्रत्येक पेशीचा एक जादा भारांक धरून पहिल्या थरात १,३१,२०० व दुसऱ्यात ५,९३४ मिळून १,३७,१३४ भारांक होतात. ग्रंथालयात ही रचना चार-पाच ओळींत लिहून होते. चौसष्ट चौसष्ट चित्रांचे गठ्ठे करून दिले, की सगळा संच एकदा नजरेखालून जायला १,२२२ पावले लागतात. शिकवणी सुरू होताना जाळे निव्वळ अंदाज करत असते, त्यामुळे होणाऱ्या चुकीचे माप (लॉस) ४६ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या, म्हणजे ३.८३ च्या आसपास असायला हवे; पहिल्याच पावलाला ते वीस-पंचवीस दिसले, तर पुढे तासभर यंत्र तापवण्यापेक्षा तिथेच थांबून ठिपक्यांचे आकडे ० ते १ या मापात आणले आहेत का, हे पाहावे.

या संचात ळ नाही. तो नेपाळी वर्णमालेवर बेतलेला असल्याने ज्ञ वर संपतो आणि म्हणून त्यावर शिकलेल्या जाळ्यापुढे ‘बेळगाव’ या नावातले दुसरे अक्षर ठेवले, तर ते उरलेल्या ४६ पैकी एखादे नाव देऊन मोकळे होते. ‘हे मला शिकवलेले नाही’ असे म्हणण्याची सोय शेवटच्या थरात नसते, कारण तिथल्या ४६ संभाव्यतांची बेरीज नेहमी १ च येते आणि अनोळखी अक्षरालाही ती कुठेतरी वाटून द्यावीच लागते. दुरुस्तीचा हिशेब उद्बोधक आहे. सत्तेचाळीसावा वर्ग वाढवल्याने भारांक वाढतात ते केवळ १२९. पण इतर अक्षरांच्या बरोबरीने ळ चे २,००० नमुने माणसांकडून लिहून घ्यावे लागतात. शिवाय मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसतात, तेव्हा नुसता ळ वाढवूनही भागत नाही. ग्रंथालयांनी सोपी केली ती रचना, नमुन्यांचे काम होते तिथेच आहे, आणि शिकवणीवर्गांत या दुसऱ्या कामाला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा क्वचितच दिला जातो.

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलाच्या दप्तरात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांच्या वह्या असतात. कन्नड हस्तलिखित अंकांसाठी ६०,००० शिकवणीच्या व १०,००० तपासणीच्या चित्रांचा खुला संच २०१९ पासून उपलब्ध आहे. छापील मजकुरासाठी टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी व कन्नड दोन्ही वाचते, आणि एकाच पानावर दोन्ही लिप्या असल्या तर दोन्ही भाषांच्या संचिका एकत्र जोडून ते चालवता येते. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून आतले यंत्र न्यूरल नेटवर्कचेच आहे.

चित्रांसाठी आता कॉन्व्होल्यूशन थर वापरण्याची रीत आहे. त्यात ३ गुणिले ३ आकाराची छोटी चौकट सगळ्या चित्रावरून फिरते, त्यामुळे अशा ३२ चौकटींच्या पहिल्या थराला फक्त ३२० भारांक पुरतात. बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील ओतशाळांना ही पद्धत सोयीची आहे. कास्टिंगच्या पृष्ठभागावरचा ब्लो होल (वायूमुळे पडलेले छिद्र) किंवा तडा कॅमेऱ्याच्या चित्रावरून ओळखायचा असेल, तर लाखो चित्रांवर आधीच शिकलेले जाळे घेऊन त्याचा शेवटचा थर तेवढा बदलतात आणि आपल्या काही शे चित्रांवर पुन्हा शिकवतात. यात फसगत होते ती टक्केवारीची. समजा, हजार नगांत वीस सदोष आहेत. प्रत्येक नगाला ‘चांगला’ म्हणणारे जाळे काहीही न शिकता ९८ टक्के अचूक ठरते. म्हणून सदोष वीसपैकी किती पकडले, हा आकडा वेगळा मागावा लागतो. चित्रे कमी असली, की तीच फिरवून, उलटवून संख्या वाढवतात. कास्टिंगच्या बाबतीत ते चालते. अक्षर मात्र आरशातल्यासारखे उलटवले, तर कोणत्याच वर्णमालेत नसलेले अक्षर जाळ्याला शिकवल्यासारखे होते.

शेतीतील उपयोगाबद्दल बोलताना प्लँटव्हिलेज संचाचे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ चित्रे त्यात आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच संचातून राखून ठेवलेल्या चित्रांवर जाळ्याने ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. चित्रे बाहेरून, वेगळ्या परिस्थितीत घेतलेली असताना ती साधारण ३१ टक्क्यांवर उतरली. साध्या पार्श्वभूमीवर एकेक ठेवलेले पान आणि बांधावर उन्हात फोनने टिपलेले पान यांत एवढे अंतर पडते. त्या १४ पिकांत सोयाबीन व बटाटा आहेत, पण ऊसही नाही आणि निपाणीची तंबाखूही नाही.

शिकलेले जाळे फोनवर नेणे तुलनेने सोपे आहे. वरील अक्षरांचे जाळे, ळ धरून, १,३७,२६३ भारांकांचे होते आणि प्रत्येकी चार बाइट धरले तर साधारण ५५० किलोबाइटमध्ये मावते. भारांक एकेका बाइटात कोंबले तर त्याच्या चौथाईत. त्यासोबत वर्गांची यादी मात्र त्याच क्रमाने जायला हवी, कारण जाळे अक्षर सांगत नाही, क्रमांक सांगते. ग्रंथालये हा क्रम फोल्डरांच्या नावांवरून, अक्षरशः शब्दकोशाच्या पद्धतीने लावतात, म्हणून क्रमांक दिलेल्या फोल्डरांत दहावा पहिल्याच्या आधी लागतो आणि वरील संचात पहिला वर्ग क नसून ञ असतो. ळ चे फोल्डर सदतिसावे म्हणून ठेवले, तर ते ज्ञ च्या नंतर आणि तिसऱ्या, म्हणजे ग च्या आधी घुसते व ग पासूनचे सर्व क्रमांक एकाने सरकतात. अशा वेळी नवे जाळे आणि जुनी यादी एकत्र आली, तर जाळ्याने एकही चूक केलेली नसताना पडद्यावर ळ च्या जागी ग आणि ग च्या जागी घ उमटतो, आणि ब, ळ, ग, व ही चार अक्षरे ब, ग, घ, व अशी वाचली जातात.