डोंगरउतारावरची उथळ खडकाळ माती (निमशुष्क चराई प्रदेश)

निमशुष्क डोंगराळ भागात, जिथे नांगर चालत नाही आणि जमीन मुख्यतः गुरं-शेळ्यामेंढ्या चारायला वापरतात, तिथल्या उतारांवरची माती बहुतेक ठिकाणी वीतभरसुद्धा खोल नसते, तिच्यात दगडगोटे ठासून भरलेले असतात आणि खाली लगेच मुरूम नाहीतर सलग कातळ लागतो. अमेरिकेतलं ग्रेट बेसिन, इराणचे झाग्रोस डोंगर, उत्तर आफ्रिकेतला अ‍ॅटलस, मध्य आशियातल्या कोरड्या रांगा, सगळीकडे खडक वेगळा असला तरी मातीचं रूप बरंचसं सारखंच. लोक हिला सरसकट "निकस जमीन" म्हणून सोडून देतात आणि ते चुकीचं आहे. ही माती कमी आहे हे खरं, पण जेवढी आहे तेवढी कशी काम करते ते खोल काळ्या जमिनीच्या मापाने कळतच नाही.

मृदाशास्त्रात हिला नीट जागा आहे. जागतिक वर्गीकरणात अशा माती "लेप्टोसोल" गटात येतात, म्हणजे पृष्ठभागापासून २५ सेंमीच्या आत सलग खडक लागला पाहिजे, किंवा मग ७५ सेंमी खोलीपर्यंत बारीक माती सरासरी २० टक्क्यांपेक्षा कमी आणि बाकी सगळे दगड असं असलं पाहिजे. हा जगातला सगळ्यात जास्त पसरलेला मृदागट आहे, जवळपास १६५ कोटी हेक्टर. अमेरिकन पद्धतीत ५० सेंमीच्या आत कठीण खडक लागला की मातीच्या नावाला "लिथिक" जोडतात आणि दगडांचं प्रमाण आकारमानाने ३५ टक्के किंवा जास्त असलं की "स्केलेटल" म्हणतात. दोन्हीकडे २ मिमीपेक्षा मोठा तुकडा म्हणजे दगड, त्याहून बारीक ती खरी माती.

माती उथळ का राहते याचं उत्तर उतारात आहे. खडक झिजून माती तयार होण्याचा वेग कोरड्या हवेत फार कमी, वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, आणि जी तयार होते ती पाऊस, वारा, गुरुत्वाकर्षण आणि जनावरांचे खूर मिळून खाली ढकलत राहतात, त्यामुळे पायथ्याला खोल गाळ आणि वर नुसता सांगाडा असं चित्र दिसतं. खडकाचा प्रकारही महत्त्वाचा. चुनखडीचा खडक पाण्यात विरघळतो आणि मागे फार थोडी माती उरते, ग्रॅनाइटची भरड रेती होते, बेसॉल्टमधून चिकणमाती आणि मोठाले गोटे निघतात, शेल या थराथरांच्या मऊ खडकाचे पातळ पापुद्रे सुटतात जे पावसात पटकन वाहतात. बऱ्याच ठिकाणी बारीक मातीतला मोठा वाटा त्या खडकाचा नसतोच, तो दूरवरून वाऱ्याने आणलेल्या धुळीचा असतो आणि दगडांच्या फटीत अडकून टिकतो.

अशा उतारावर एखादा अर्धवट पुरलेला दगड उचलून पाहिला तर बरंच काही कळतं. वरची बाजू उन्हाने काळवंडलेली, दगडफुलाचे ठिपके असलेली, आणि खालच्या बाजूला चुन्याचा पांढरा लेप. पाणी चुना विरघळवत खाली झिरपतं, दगडाच्या तळाशी थेंब लटकून राहतो, तो वाळला की चुना तिथेच बसतो आणि हजारो वर्षं असं चाललं की लेप जाड होतो. तोच लेप वरच्या बाजूला दिसला तर समजायचं की दगड कधीतरी उलटा झालाय, म्हणजे तो उतार हललेला आहे. पाऊस होऊन काही दिवस झाले असले तरी दगडाखालची माती बहुधा ओलसर असते आणि बारीक मुळ्यांचं जाळं नेमकं तिथेच जमलेलं असतं.

पाण्याचा हिशेब हा या मातीचा मुख्य मुद्दा. पोयट्याची १० सेंमी माती झाडाला मिळू शकेल असं साधारण १५ मिमी पाणी धरते, म्हणजे २५ सेंमीला ३७-३८ मिमी, पण त्यातला अर्धा भाग दगड असेल तर उरतात जेमतेम १९ मिमी, आणि कडक उन्हात दिवसाला ४-५ मिमी दराने बाष्पीभवन आणि वनस्पतींची ओढ चालू असली तर चार-पाच दिवसांत सगळं संपतं. हे ऐकून वाटतं की इथे काही उगवूच नये. पण याचीच दुसरी बाजू अशी की दगडांनी जागा अडवल्यामुळे १० मिमीचा हलका पाऊससुद्धा निम्म्या मातीतच वाटला जातो आणि दुप्पट खोल जातो, जिथून ऊन त्याला सहज ओढू शकत नाही. कोरड्या प्रदेशात भरड, दगडाळ माती चिकणमातीपेक्षा जास्त वनस्पती पोसू शकते हा उलटा वाटणारा नियम इस्रायली पर्यावरणशास्त्रज्ञ इमान्युएल नॉय-मेइर यांनी १९७३ साली मांडला, आणि पाऊस भरपूर असलेल्या भागात तोच नियम उलटतो.

शिवाय खाली कातळ लागला म्हणजे सगळं तिथे संपलं असं नाही. खडकाला भेगा असतील, किंवा तो कुजून मुरूम झाला असेल, तर जुनिपरसारखी झाडं आणि काटक झुडपं त्या भेगांतून मुळं कित्येक मीटर खाली नेतात आणि वरची माती कोरडी ठणठणीत असतानाही हिरवी राहतात. उघड्या कातळाच्या खालच्या कडेला गवत दाट दिसतं त्याचं कारणही साधं आहे, कातळावर पडलेलं सगळं पाणी वाहून तिथेच येतं. भेगाच नसलेल्या सलग खडकावर मात्र पाणी अडून राहतं, माती चिखल होते, मग सगळा थर घसरतो किंवा लवकर वाळून जातो.

वरच्या दगडांचं वागणं त्यांच्या बसण्यावर अवलंबून असतं आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण धूप मोजताना नेमकं हेच विसरलं जातं. मोकळे, मातीवर नुसते टेकलेले दगड पावसाच्या थेंबाचा मार स्वतः घेतात, त्यांच्या कडेने पाणी मुरतं आणि बाष्पीभवन कमी होतं. तेच दगड मातीच्या कडक पापुद्र्यात घट्ट रुतलेले असतील तर छपरासारखं काम करतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. दगडांमधल्या मोकळ्या जागेत सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलांची जिवंत साय असते, ती मातीचे कण बांधून ठेवते आणि हवेतला नायट्रोजनही मातीत आणते. कोरडी असताना ती खुरांखाली चुरा होते आणि परत यायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात.

उताराची दिशा बदलली की माती बदलते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त, ओल कमी, माती पातळ आणि फिकट, तर उत्तर उतारावर सेंद्रिय कर्ब जास्त, माती गडद आणि थोडी खोल. दक्षिण गोलार्धात हे उलट. चुनखडीवरच्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो आणि स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला गेल्याने वनस्पतींना सहजी मिळत नाही. सेंद्रिय पदार्थ जो काही असतो तो वरच्या काही सेंमीत आणि झुडपांच्या बुडाशी, म्हणजे वरचा थर गेला तर सगळंच गेलं.

चराईचं गणित इथे नुसत्या गवतावरून करून चालत नाही, उतारही धरावा लागतो. कुरणांचे अभ्यासक जेरी होलेचेक यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कुरणांसाठी गुरांची संख्या ठरवण्याचं जे ढोबळ माप दिलं त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या उताराला कपात नाही, ११ ते ३० टक्के उतारावर ३० टक्के कपात, ३१ ते ६० टक्क्यांवर ६० टक्के कपात, आणि त्याच्यापुढचा उतार गुरांसाठी धरायचाच नाही. शेळ्यामेंढ्या यापेक्षा वर जातात, म्हणून तीव्र उतारांची झीज बहुतेक वेळा त्यांच्या वाटांनी सुरू होते, आडव्या पायवाटा पडतात, मग जोराच्या एका पावसात त्यातलीच एखादी फुटून घळ होते.

मोजमाप करताना एक खड्डा खणून निष्कर्ष काढू नये, कारण हाताच्या अंतरावर खोली ५ सेंमीची ४० सेंमी होते आणि मृदा नकाशांवरही म्हणूनच "माती आणि उघडा खडक" असं मिश्रण एकत्र दाखवतात. लोखंडी सळई ठोकत उताराच्या आडव्या रेषेत बऱ्याच ठिकाणी खोली घ्यावी. आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट वाचताना हे पक्कं लक्षात ठेवावं की तिथे २ मिमीच्या चाळणीतून गेलेलीच माती तपासतात, म्हणजे कर्ब २ टक्के लिहिला असेल पण मूळ जमिनीत आकारमानाने अर्धे दगड असतील तर हेक्टरी साठा काढताना तो निम्म्यावर आणायचा, ओल आणि नायट्रोजनचंही तेच.