क्लोरिनची गाडी चालवायची आहे? लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद अशी करून घ्या

जलशुद्धीकरण केंद्रांना क्लोरिनचे टोनर, म्हणजे मोठे सिलिंडर, पोचवणाऱ्या गाडीवर नुसतं हेवी लायसन्स चालत नाही. धोकादायक माल नेण्याची वेगळी नोंद लायसन्सवर लागते. ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे मिळते. अर्ज साधाच आहे. तरी आमच्याकडे प्रशिक्षणाला येणारे कितीतरी चालक आधी एकदा आरटीओतून हात हलवत परत आलेले असतात, आणि कारणं तीच ती.

पहिलं कारण वाचण्याचं. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, तेव्हापासून अनेकांना वाटतं की आता लिहिण्या-वाचण्याचं कुणी विचारत नाही. नियम ९ मधली अट वेगळी आहे आणि ती कायम आहे: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हव्यात. नुसत्या मराठीवर भागत नाही. वीस वर्षं घाटात गाडी चालवलेला एक चालक माझ्यासमोर ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, धरून घाम पुसत बसला होता. यूएन १०१७ हा क्लोरिनचा क्रमांक त्याने झटकन वाचला, खालच्या ओळीवर अडला. ओळ होती, गळतीच्या जागी पाणी मारू नका. ओल लागली की क्लोरिनचं आम्ल होतं, ते लोखंड खातं आणि बारीक भोक मोठं होत जातं. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर रोज त्याला शेजारी बसवून ते कार्ड वाचा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरं कारण प्रमाणपत्र. ते तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं हवं, आणि संस्था राज्य सरकारची मान्यता असलेली हवी. कंपनीच्या गेटवर झालेल्या सेफ्टी ट्रेनिंगचा कागद इथे चालत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेचं मान्यतापत्र मागा, दाखवायला का-कू केली तर उठून या. नाव लायसन्सवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, लिहून घ्या. एकाच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव राहिलं होतं. खिडकीवरून अर्ज ‘अपूर्ण’ एवढाच शेरा मारून परत आला. काय अपूर्ण, हे एका वाक्यात सांगितलं असतं तर त्या माणसाच्या दोन दिवसांच्या खेपा वाचल्या असत्या.

तिसरं कारण तारीख, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. नव्या कार्डावर ट्रान्सपोर्टची मुदत वेगळी छापलेली असते आणि धोकादायक मालाची वेगळी. चालक पहिली बघतो आणि निर्धास्त राहतो. धोकादायक मालाची मुदत पूर्वी एक वर्ष होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने मुदत संपल्यावरची तीस दिवसांची सवलतही गेली. ‘महिनाभर चालतं’ असं सांगणारे अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. उजळणी वर्गाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

बाकी काम सोपं. सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज, राहत्या ठिकाणचं आरटीओ, सोबत मूळ लायसन्स, प्रमाणपत्र आणि फी.

प्रशिक्षणाच्या त्या तीन दिवसांत झोप काढू नका, एवढी मात्र हात जोडून विनंती. एका टोनरमध्ये ९०० किलो क्लोरिन असतो. हा वायू हवेपेक्षा अडीचपट जड. तो जमिनीलगत पसरतो, नाल्यात, खड्ड्यात, तळघरात साचतो. म्हणून पळायचं ते उंचावर, वाऱ्याची दिशा बघून आडवं. टोनरखाली वाकून वास घ्यायचा नाही. क्लोरिन स्वतः पेट घेत नाही, पण ऑक्सिजनसारखा दुसऱ्याची आग भडकावतो. तेल, ग्रीस किंवा अमोनिया त्याच गाडीत टाकायचा नाही आणि व्हॉल्व्हला ग्रीसचा हात लावायचा नाही. २०१० च्या जुलैत मुंबईत हाजी बंदरावर पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून हाच वायू गळला आणि आसपासच्या माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं.

नोंद झाली तरी निघण्याआधी ट्रेम कार्ड केबिनमध्ये आहे का ते बघा. मालकाच्या ऑफिसातल्या फायलीत ते असून उपयोग नाही. नियम १३३ प्रमाणे ते चालकाच्या हाताशीच लागतं.