हॉटस्पॉटवरचे खेळ

हॉटस्पॉटवरचे खेळ : एका फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, त्याला जवळपासचे लॅपटॉप किंवा फोन जोडायचे आणि सगळ्यांनी मिळून एकच संगणक-खेळ खेळायचा, असा हा प्रकार. मुंबईत कॉलेजच्या वसतिगृहांत, चाळींतल्या खोल्यांत आणि लोकलच्या डब्यांत तो रुळला आहे.

या खेळाला इंटरनेट लागत नाही, हे नवख्याला आधी पटवून द्यावे लागते. फोन इथे फक्त राउटर असतो. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा ओळखीचा आकडा, देतो आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतो; निरोप खोलीबाहेर जातच नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर मोबाइल डेटा बंद ठेवूनही खेळ चालतो आणि तो बंद ठेवावाच. नाहीतर वायफाय मिळाले असे समजून एखादा लॅपटॉप विंडोजचे अपडेट उतरवू लागतो आणि फोनवाल्याचा दिवसाचा डेटा संपतो.

याचे मूळ सायबर कॅफेत आहे. 2000 नंतरच्या दशकात मुंबईतल्या कॅफेंमध्ये तासाच्या दराने काउंटर-स्ट्राइक आणि एज ऑफ एम्पायर्स खेळले जात. संगणक केबलने एकमेकांना जोडलेले असत, त्याला पोरे ‘लॅन’ म्हणत. अँड्रॉइड 2.2 (2010) आणि आयफोनसाठी आयओएस 4.3 (2011) यांनी हॉटस्पॉटची सोय फोनमध्येच दिली, तेव्हा केबल गेली. नाव मात्र राहिले. आजही कोणी ‘लॅन लावूया’ म्हणतो तेव्हा तिथे एकही वायर नसते.

मांडणी सोपी आहे. ज्याचा लॅपटॉप सर्वांत दणकट, त्याने खेळ ‘होस्ट’ करायचा, म्हणजे आपल्या यंत्रावर तो सगळ्यांसाठी चालवायचा. बाकीच्यांनी खेळातल्या यादीत त्याचे नाव शोधून आत शिरायचे. नाव दिसत नसेल तर होस्ट कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून आपला आयपीचा आकडा मोठ्याने सांगतो. काउंटर-स्ट्राइक 1.6 मध्ये कन्सोल, म्हणजे खेळातली आज्ञा लिहायची खिडकी, उघडून ‘कनेक्ट’ आणि पुढे तो आकडा लिहिला की काम होते. जुन्या अँड्रॉइड फोनांवर हा पत्ता बहुधा 192.168.43 ने सुरू होतो, आयफोनवर 172.20.10 ने. दोघांच्या लॅपटॉपवर हे पहिले आकडे वेगळे निघाले, तर त्यातला एक जण शेजारच्याच वायफायला चिकटलेला आहे असे खुशाल समजावे.

आकडा बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर दोष बहुतेक वेळा होस्टच्या फायरवॉलचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणाऱ्या राखणदाराचा, असतो. नवे नेटवर्क दिसले की विंडोज ते ‘पब्लिक’ धरते आणि बाहेरून येणारी हाक अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करावे आणि खेळाला फायरवॉलमधून परवानगी द्यावी. अख्खी फायरवॉल बंद करण्याची सवय वाईट. पुढच्या वेळी तोच लॅपटॉप कॉलेजच्या वायफायवर उघडा पडतो.

खेळ अडखळतो, म्हणजे ‘लॅग’ येतो, त्याचे कारण मुंबईत शोधायला लांब जावे लागत नाही. एका लॅपटॉपचा निरोप आधी फोनकडे आणि मग दुसऱ्या लॅपटॉपकडे, असा हवेतून दोनदा जातो. त्यात 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच : 1, 6 आणि 11. चाळीच्या एका मजल्यावर जितकी बिऱ्हाडे तितके राउटर, आणि ते सगळे याच तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बसलेले. फोनमध्ये सोय असेल तर हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर न्यावा. त्या लहरी भिंतीपलीकडे फारशा पोचत नाहीत, पण दहा बाय बाराच्या खोलीत सगळे मांडीला मांडी लावून बसलेले असताना त्याची गरजही नसते. फोन चार्जिंगला लावून उघड्यावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवावा. उशीखाली ठेवला तर तापतो. स्टीलच्या डब्यांच्या फळीवर मागे सरकवला तर सिग्नल अडतो.

गणेशोत्सवात या खेळाची खरी किंमत कळते. लालबाग-परळच्या गर्दीत मोबाइल नेटवर्क गुदमरते, ऑनलाइन खेळ उघडतही नाहीत. रात्री मंडपात जागणारी पोरे तेव्हा हॉटस्पॉटवर बिनदिक्कत खेळत असतात, कारण त्यांचा टॉवरशी संबंधच नसतो.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला जागा कुठली? तिथे फोनच होस्ट. मिनी मिलिशिया हा खेळ याच वाटेने डब्याडब्यांत पोचला. विरारहून निघालेल्या गाडीत चौघे खेळत असतात, अंधेरीला हॉटस्पॉटवाला उतरतो आणि तिघांचे पडदे एकदम गोठतात. म्हणून नेहमीचे खेळणारे चढल्या चढल्या एकच प्रश्न विचारतात, ‘चर्चगेटपर्यंत कोण आहे रे?’ हॉटस्पॉट त्याचा.