परागकण आणि दात (जीवाश्म)

जुन्या काळी एखाद्या भागात कसलं रान होतं, पाऊस कसा होता, जनावरं काय खायची, हे शोधायला जमिनीत गाडलेले परागकण आणि दात वापरतात. दात बघणं कोल्हापूरकरांना नवीन नाही, बैल घेताना आधी ओठ वर करून दोन दाती, चार दाती का जुळलाय ते बघायचं आणि मगच भावाचं बोलायचं. फरक एवढाच की इथं जनावर लाखो वर्षांमागं मेलेलं असतं आणि बऱ्याचदा दाताशिवाय काही उरलेलंच नसतं.

परागकण म्हणजे फुलातली पिवळी पूड. एक कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं, इतकं चिवट की लॅबमध्ये गाळातली वाळू काच खाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं विरघळवतात तरी कण शाबूत राहतो. मग मायक्रोस्कोपखाली थराथरातले कण ओळखत मोजत बसायचं. १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनी ही मोजणी आलेखावर मांडली, भारतात लखनौची बिरबल साहनी संस्था यातलं जुनं नाव. गोम अशी की वाऱ्यावर उडणारे कण गाळात जास्त येतात, म्हणजे उसाच्या तुऱ्याचे येतील, पण कारवीनं अख्खा डोंगर जांभळा केला तरी तिचं काम कीटकांवर चालतं, त्यामुळं तिची हजेरी कमीच लागणार. शिवाय गाळ हवा न पोचणारा, पाण्याखालचा पाहिजे, मसाई पठारासारख्या जांभ्याच्या तांबड्या मातीत कण टिकायची आशा फारशी नसते.

खरी पंचाईत गवताची. भात, ऊस, ज्वारी, डोंगरावरचं गवत, सगळी एकाच कुळातली, कण गोल आणि त्याला एक भोक, स्लाइडवर वेगळं करता करता डोळे जातात. इथं दात कामाला येतो. भात सी-थ्री गटातला, ऊस आणि ज्वारी सी-फोर गटातली, हवेतला कार्बन धरायची दोघांची रीत वेगळी म्हणून त्यांच्यातलं कार्बन-१३ चं (कार्बनच्या जरा जड प्रकाराचं) प्रमाणही वेगळं, आणि तोच फरक खाणाऱ्याच्या दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कडक थरात, उतरतो. एनॅमल जवळजवळ सगळं खनिजच, एकदा तयार झालं की हाडासारखं परत बदलत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी सी-फोर गवत पसरलं, हे तिथली जुनी माती आणि प्राण्यांचे दात दोन्ही सांगतात. दाढेचा आकारही बोलतो, गवतात सिलिका असते आणि त्यावर धूळ, त्यामुळं चरणाऱ्यांची दाढ घोड्यासारखी उंच, पाला खाणाऱ्यांची सहसा बुटकी.

बैलाची एक दाढ तयार व्हायला बरेच महिने जातात, आधी टोक, मग खाली मुळाकडं. म्हणून तिच्यावर वरून खाली ओळीनं बारीक ड्रिल मारून पूड काढतात आणि जनावरानं प्यालेल्या पाण्यातून त्यात उतरलेला ऑक्सिजन तपासतात. जोराच्या पावसाळ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, कमी असतो, त्यामुळं एकाच दाढेत पावसाळा आणि उन्हाळा वेगळे दिसू शकतात. पण एनॅमल लहानपणीच बनतं, दाजीपूरचा म्हातारा गवा काल रात्री कुणाचा ऊस खाऊन गेला ते त्यात सापडणार नाही.